नळ मागतो, संडास मागतो. वाचनालय कधी मागणार?

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आपल्या वस्त्यांमधून जी निवेदने जातात, त्यांचा एखादा गठ्ठा सोडून पाहिला तर त्यात काय काय सापडेल? पाणी कमी दाबाने येते. संडासाची टाकी भरून वाहते आहे. गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे. गटाराचे झाकण चोरीला गेले, एखादे पोर आत पडण्याची वाट पाहता काय? कचऱ्याची गाडी आठ दिवस फिरकलेली नाही. ही सर्व निवेदने खरी आहेत आणि ती द्यायलाच हवीत. मुंबईसारख्या शहरात गरिबाला न मागता काही मिळत नाही आणि मागूनही निम्मेच मिळते. पण या गठ्ठ्यात एक निवेदन क्वचितच असते. 'आमच्या वस्तीतली एवढी मुले शाळा-कॉलेजात जातात, त्यांना बसून वाचायला जागा नाही, तरी महापालिकेने वाचनालय व अभ्यासिका बांधून द्यावी' असे निवेदन.

ज्या समाजाच्या नेत्याने पुस्तकांसाठी घर बांधले त्या समाजाच्या वस्त्यांतून ही मागणी का उठत नाही, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह बाबासाहेबांनी राहण्यासाठी जेवढे बांधले त्याहून अधिक ग्रंथांसाठी बांधले, हे चळवळीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा माणूस राजगृहासमोर उभा राहून हात जोडतो. पण आपण राहतो त्या वॉर्डात आपल्या पोराला टेबल, खुर्ची, दिवा आणि चार पुस्तके का मिळत नाहीत, हे तो नगरसेवकाला विचारत नाही. वाचनालय ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आधी पाणी, मग संडास, मग जमलेच तर पुस्तक, अशी एक उतरंड आपल्या डोक्यात कुणीतरी बसवून दिली आहे. ही उतरंडही बाकीच्या उतरंडींसारखीच तपासून पाहिली पाहिजे.

बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट आपण दर जयंतीला ऐकतो. परळच्या चाळीतली एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोप, त्यातच सामानसुमान. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत, कारण तेवढ्या वेळीच खोलीत शांतता आणि बसण्यापुरती जागा असे. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. ती त्यागाची आहेच. पण ती जागेच्या टंचाईचीही आहे, हे कुणी सांगत नाही. रामजी सुभेदारांनी जागेची टंचाई वेळेने भरून काढली. प्रत्येक घरात असा बाप असेलच असे नाही, आणि असला तरी रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दोनपर्यंत जागावे ही अपेक्षा किती पिढ्यांनी करायची?

याच गोष्टीचा दुसरा भागही सर्वांना माहीत आहे. चर्नी रोडच्या बागेत शाळकरी भीमराव वाचत बसत आणि तिथेच कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींची त्यांच्यावर नजर पडली. पुढे मॅट्रिक झाल्यावर याच केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. या भेटीचे मोल धम्मदीक्षेपर्यंत पोचते. पण ही भेट कुठे झाली? बागेत. खोलीत जागा नाही, वाचनालयात प्रवेशाची शाश्वती नाही, म्हणून मुलगा पुस्तक घेऊन बागेच्या बाकावर. ते बाक सार्वजनिक होते. तिथे बसायला कुणाची वर्गणी लागत नव्हती, कुणाची शिफारस लागत नव्हती. ती बाग त्या दिवसांत एखाद्या जिमखान्याची असती तर? शहरातल्या एका सार्वजनिक बाकाने इतिहासात केवढे काम केले, याचा हिशेब नगररचनेच्या पुस्तकात सापडणार नाही.

'सार्वजनिक' हा शब्द आपल्या चळवळीने फार महाग किंमत देऊन कमावला आहे. १९२३ साली सी. के. बोले यांनी नव्हे, तर एस. के. बोले म्हणजे आपले रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी (नावाची ही गल्लत भाषणांतून नेहमी होते) मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, पण कागदावरचा ठराव तळ्यापर्यंत पोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी तो माणसांनी चालत जाऊन पोचवावा लागला. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सरकारी पैशावर पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागा वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून मज्जाव करता येणार नाही, हे लिहिले गेले. सार्वजनिक वाचनालय याच जागांपैकी एक आहे. म्हणजे दार कायद्याने उघडे आहे. पण आपल्या वस्तीत दारच नसेल तर उघडणार काय?

आता मुंबईतली वाचनालये कुठे आहेत ते पाहा. फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. काळा घोड्याला डेव्हिड ससून. दादर-नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ज्याची स्थापना १८९८ची. या संस्थांनी मोठे काम केले आहे, त्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण नकाशावर बोट ठेवून बघा. पुस्तके दक्षिणेला आणि मध्यभागी साठलेली, तर मुले गोवंडी, मानखुर्द, विक्रोळी, मालवणीला. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व वॉर्ड, म्हणजे गोवंडी-मानखुर्द, सर्वांत तळाला होता. तिथल्या मुलीने हार्बर लाइनच्या गर्दीत उभे राहून सीएसएमटी गाठायचे, दोन तास वाचायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. मे २०२५ पासून बेस्टच्या बसचे किमान भाडेही पाच रुपयांवरून दहा झाले. घरापासून स्टेशनपर्यंत जाऊन येऊन वीस रुपये बसलाच गेले. वाचन फुकट आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याने हा हिशेब मांडून पाहावा.

शिवाय आपल्या राज्यात ज्याला सार्वजनिक ग्रंथालय म्हणतात ते बहुतेक ठिकाणी सरकारचे नसतेच. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्यानुसार गावोगावच्या संस्था ग्रंथालय चालवतात आणि सरकार त्यांना मान्यता देऊन अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान देते. वाचकाला अनामत भरावी लागते, महिन्याची वर्गणी द्यावी लागते. कमिटी असते, कमिटीत कोण असते ते वाचकांनी आपापल्या ठिकाणी पाहावे. नाव सार्वजनिक, व्यवहार मंडळाचा. आणि अनुदान तरी किती? ड वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२च्या दराने वर्षाला तीस हजार रुपये मिळत. २०२२ मध्ये साठ टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा ते अठ्ठेचाळीस हजार झाले. महिन्याला चार हजार! त्यात ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रे, विजेचे बिल आणि नवी पुस्तके. ग्रंथपाल हा माणूस काय खातो, हे सरकारने एकदा त्याच्या घरी जाऊन पाहावे. २०१२ नंतर तर बरीच वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच बंद होते. आपल्या वस्तीतल्या पोरांनी चार पैसे जमवून वाचनालय सुरू केले तरी सरकारदरबारी त्याला नाव नव्हते.

दक्षिणेकडच्या राज्यांनी हे वेगळ्या रीतीने केले. मद्रासचा ग्रंथालय कायदा १९४८चा, कर्नाटकचा १९६५चा, केरळचा १९८९चा. या तिन्ही राज्यांत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर वसूल होतो. म्हणजे घराच्या करातला काही भाग थेट वाचनालयाच्या नावाने निघतो. तो पैसा पालिका वेळेवर ग्रंथालय खात्याला देत नाहीत, कोट्यवधी थकवतात, अशी ओरड बंगळुरूत वर्षानुवर्षे आहे. असेना का. थकबाकी मागता येते, कारण ती कायद्याने देणे लागते. महाराष्ट्रात असा उपकरच नाही, त्यामुळे थकण्याचाही प्रश्न नाही! चेन्नईत २०१० साली अण्णा शताब्दी ग्रंथालय उभे राहिले, मदुराईत २०२३ साली कलैज्ञर शताब्दी ग्रंथालय. द्रविड चळवळीने सत्तेत आल्यावर पुतळेही उभारले आणि ग्रंथालयेही. आपल्याकडे पुतळ्याच्या उंचीवर जेवढी चर्चा झाली तेवढी पुस्तकांच्या मांडणीवर कधी झाली, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

आणि हे ज्ञान बाहेरून आणायची तरी काय गरज? भारतातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५चा, तो कोल्हापूर संस्थानचा. त्याआधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१०च्या सुमारास अमेरिकेतून बोर्डन नावाचा तज्ज्ञ आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. ज्या दोन संस्थानांनी बाबासाहेबांच्या पाठीशी हात ठेवला, त्याच दोन संस्थानांची नावे इथे यावीत हा योगायोग आम्हाला वाटत नाही. शाळा काढायची, शिष्यवृत्ती द्यायची आणि पुस्तक दारात न्यायचे, हे एकाच धोरणाचे भाग होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सरकारने त्यातला शेवटचा भाग अनुदानाच्या तुकड्यावर सोडून दिला.

मुंबई महापालिकेचे तर आणखी सोपे आहे. पालिकेच्या कायद्यात पाणी, गटार, रस्ते ही बंधनकारक कामे आहेत. वाचनालय ऐच्छिक कामांत. म्हणजे वाटले तर करा. २०२५-२६चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. एवढे पैसे असूनही वाटले नाही तर काय करायचे? काही पालिका शाळांत अभ्यासिका चालतात, हे आम्ही नाकारत नाही. त्या चांगल्या आहेत आणि म्हणूनच त्या प्रत्येक शाळेत हव्यात. संध्याकाळी सहानंतर पालिकेच्या शाळांच्या इमारती कुलूप लावून उभ्या असतात आणि त्यांच्याच भिंतीला लागून असलेल्या झोपडीत दहावीची मुलगी टीव्हीच्या आवाजात पाठांतर करते. बाके आहेत, पंखे आहेत, दिवे आहेत, वॉचमनही आहे. नाही तो फक्त आदेश.

मुलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. अभ्यासिका म्हणजे खोली आणि बाक एवढेच नव्हे. जिथे संडास नाही किंवा आहे पण त्याला कडी नाही, तिथे मुलगी चार तास बसू शकत नाही. ती पाणी प्यायचे टाळते आणि दोन तासांत उठते. जिथे अभ्यासिकेपासून घरापर्यंतच्या गल्लीत दिवा नाही, तिथे आठ वाजता बाप तिला घरी बोलावतो आणि त्याचे चूक आहे असे म्हणण्याची आमची छाती होत नाही. म्हणजे संडास, दिवा आणि वाचनालय ही तीन वेगळी निवेदने नाहीत, ती एकच मागणी आहे. वेळेचेही तेच. दहा ते पाच उघडे राहणारे वाचनालय हे निवृत्तांचे वाचनालय. डिलिव्हरीचे काम करणारा, कॉल सेंटरला जाणारी, हमाली करून आलेला पोरगा यांना सकाळी सहा किंवा रात्री दहाच हवे. सिद्धार्थ कॉलेजात नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवताना बाबासाहेबांच्या संस्थेने हाच विचार केला होता.

या सोयी सार्वजनिक पैशातून होत नाहीत तेव्हा बाजार लगेच हजर होतो. पुण्यात पेठांमधून आणि आता मुंबई-ठाण्यातही खाजगी अभ्यासिका निघाल्या आहेत. एक टेबल, एक खुर्ची, वर एक दिवा, आणि महिन्याला हजार-दीड हजार भाडे. एमपीएससी करणारा आपला पोरगा गावाकडून बापाने पाठवलेल्या पैशातून आधी खुर्चीचे भाडे भरतो, मग मेसचे. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही की आधी खुर्ची सुटते, मग परीक्षा. आरक्षणाची जागा रिकामी राहते आणि मग 'पात्र उमेदवार मिळत नाहीत' असे म्हणायला मंडळी मोकळी.

काही शहाणे म्हणतील, आता सगळे मोबाईलवर आहे, वाचनालय हवे कशाला? ज्याच्या घरी प्रत्येकाला वेगळा मोबाईल आणि वेगळी खोली आहे त्याने हे जरूर म्हणावे. आपल्याकडे एकच चांगला फोन, तो बाप कामावर घेऊन जातो. जातपडताळणीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म सगळे ऑनलाइन आणि त्यासाठी सायबर कॅफेत प्रत्येक पानाला पैसे मोजायचे. उलट आज वाचनालयात दोन संगणक, एक प्रिंटर आणि फॉर्म भरून देणारा एक माणूस बसला, तर अर्धी वस्ती तिथे येईल आणि आलेली माणसे वर्तमानपत्रही वाचतील. मोबाईलने वाचनालयाची गरज संपवली नाही, त्याचे काम वाढवले.

बी.डी.डी. चाळींचे उदाहरण ताजे आहे. १९२०च्या दशकात बांधलेल्या या २०७ चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या, सामाईक संडास. वरळी-नायगावच्या या खोल्यांतून कवी निघाले, कार्यकर्ते निघाले, पँथर निघाले. खोल्या लहान होत्या म्हणून माणसे बाहेर बसत. जिन्यात, गच्चीवर, मैदानात, व्यायामशाळेत. तिथे पुस्तके हातोहात फिरत आणि वाद होत. पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांनी स्वतःचा संडास मिळाला, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. त्यावर नाके मुरडणाऱ्यांनी आधी सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहावे. पण टॉवरमध्ये लिफ्ट आणि पार्किंग आले तरी तो जिना आणि ती गच्ची कुठे जाईल? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, वेल्फेअर हॉल यांच्याबरोबर युवा केंद्र किंवा ग्रंथालयाचाही उल्लेख आहे. किती इमारतींत ते प्रत्यक्षात उघडले आणि किती ठिकाणी त्या जागेत सोसायटीचे भंगार पडले आहे किंवा बिल्डरचे ऑफिस चालते आहे? माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. अर्ज दहा रुपयांत होतो. वॉर्डातल्या प्रत्येक पुनर्वसन इमारतीचा मंजूर नकाशा मागवावा आणि नकाशातले ग्रंथालय जाग्यावर जाऊन शोधावे. हे काम एका रविवारी चार कार्यकर्ते करू शकतात.

आता थोडे घरातले बोलू. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे जेवढे स्टॉल लागतात आणि जेवढी पुस्तके खपतात, ते पाहून मोठमोठे प्रकाशक तोंडात बोटे घालतात. बिदागीचे पैसे वाचवून, एक वेळचे जेवण टाळून माणसे ग्रंथ विकत नेतात. हा आपला अभिमान आहे. पण ती पुस्तके घरी जाऊन फळीवर चढतात आणि त्यांना शेजारचा वाचक मिळत नाही. दुसरीकडे वस्तीतले समाजमंदिर अकरा महिने बंद असते. आत खुर्च्यांची थप्पी, मंडप, मागच्या जयंतीची कमान. किल्ली कुणाकडे यावरून दोन गटांत वाद आणि दोन्ही गट जयभीमवाले! कित्येक विहारांत पुस्तकांचे कपाट आहे, ते काचेचे आहे, त्याला कुलूप आहे आणि पुस्तके देणगीदाराच्या नावासह आत सुरक्षित आहेत. ज्या विहारांनी हे कपाट उघडले, संध्याकाळी सतरंजी टाकली आणि एका निवृत्त शिक्षकाला बसवले, तिथली मुले नोकरीला लागलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांचे कौतुक कुठल्या बॅनरवर होत नाही. जयंतीला डीजेच्या भिंतीवर जो खर्च होतो त्याबद्दल या स्तंभात पूर्वी लिहून झाले आहे, पुन्हा लिहीत नाही. एवढेच म्हणतो की एप्रिल हा परीक्षांचाही महिना असतो.

मात्र विहारातली सतरंजी हे महापालिकेच्या जबाबदारीला उत्तर नव्हे, हेही तितकेच ठामपणे सांगितले पाहिजे. आपण कर भरतो. झोपडीत राहणारा माणूसही प्रत्येक साबणाच्या वडीवर कर भरतो. त्या पैशातून आपल्याला नळ मिळतो तसे पुस्तकही मिळाले पाहिजे. समाजाने स्वतःच्या खिशातून सगळे उभे करावे आणि पालिकेने मलबार हिलला बागा फुलवाव्यात, हा वाटा आपल्याला मान्य नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात निवेदन कुणाला द्यायचे हाच प्रश्न होता. प्रशासक निवडून येत नाही, त्यामुळे तो पडतही नाही. आता ज्यांना आपली मते हवी असतात त्यांना विचारायचे ते सोपे आहे. पालिकेचा अर्थसंकल्प दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास मांडला जातो. त्याच्या दोन महिने आधी प्रत्येक वस्तीतून वॉर्ड ऑफिसात एक निवेदन गेले पाहिजे. त्यात भाषणबाजी नको. आपल्या वस्तीतली पालिका शाळा कोणती, तिचे किती वर्ग संध्याकाळी रिकामे असतात, दहावी-बारावीची आणि कॉलेजची मुले किती, मुलींसाठी संडास आहे की नाही, शाळेपर्यंतच्या रस्त्यावरचे दिव्याचे कोणते खांब बंद आहेत, एवढे नीट मोजून लिहावे. वेळ सकाळी सहा ते रात्री दहा मागावी, वर्गणी आणि अनामत नसावी, ग्रंथपाल पगारी असावा. खाली मुलांच्या आईवडिलांच्या सह्या घ्याव्यात, अंगठेही चालतील. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक टाकून घ्यावा, आणि ती प्रत विहाराच्या फळ्यावर लावावी.